नळालाही थंडी वाजते

दिवाळीच्या पहाटे खोबरेल तेलाची बाटली थिजलेली दिसली, की आपल्याकडे थंडी आली असे समजावयाचे. पूर्वी ती बाटली बंबाजवळ ठेवीत. आता गरम पाण्याच्या तपेल्यात उभी करतात. दोन मिनिटांत तेल सुटते आणि अभ्यंगाचे काम पुढे चालू होते. थंडीने पातळ पदार्थाला घट्ट केल्याचा आपल्या संसारातला अनुभव एवढाच. फार तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते आणि ते पाहून आपण अंगावरची शाल जरा घट्ट ओढून घेतो.

आमची भाषासुद्धा या बाबतीत घरातच रमलेली आहे. तूप थिजते, तेल थिजते, रक्त साकळते, दूध विरजते. प्रत्येकाला आपापले क्रियापद आहे. पाणी मात्र 'गोठते', आणि ते क्रियापद आपण फ्रीजच्या वरच्या कप्प्यापलीकडे फारसे वापरीत नाही. नळ गळतो, नळ सुकतो, नळाला पाणी येत नाही, नळावर भांडण होते. पण नळ गोठला असे वाक्य पुण्यामुंबईच्या घरात कोणी उच्चारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

मग या सदरात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की ज्या सोसायटीत निदान चार घरांतली मुले अमेरिकेत, कॅनडात किंवा इंग्लंडात नाहीत, अशी सोसायटी हल्ली शोधावी लागते. मुलांपाठोपाठ आईवडीलही बाळंतपणाला, नातवंडे सांभाळायला म्हणून जातात. थंडीने मराठी माणसाची तिकडे परीक्षा घेण्याची रीत तशी जुनी. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला गेल्या, तेव्हापासूनची. अंगावर काय घालावे, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. घराच्या अंगावर काय घालावे, हे मात्र अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

आधी गोठण्याची मौज पाहू. तुपाची बरणी थिजली म्हणजे मध्यभागी एक खळगा पडतो, हे गृहिणींना सांगावयास नको. तूप घट्ट होताना आकसते. जगातले बहुतेक पदार्थ असेच वागतात. पाणी तेवढे तऱ्हेवाईक. ते चार अंश सेल्सियसपर्यंत निमूटपणे आकसत येते, तेथून पुढे फुगू लागते, आणि शून्य अंशाला बर्फ होताना एकदम सुमारे नऊ टक्के जागा जास्त मागते. भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये विसरली तर सकाळी तिचे तुकडे मिळतात, ते यामुळेच. याच तऱ्हेवाईकपणामुळे बर्फ पाण्यावर तरंगतो, तळी वरून गोठतात आणि खाली मासे जिवंत राहतात. तेव्हा हा गुण मोठा उपकारक आहे. फक्त तो आपल्या भिंतीतल्या पाइपात प्रकट होऊ नये, एवढेच.

आता पाइप फुटतो कसा? सामान्य समजूत अशी, की जेथे बर्फ होतो तेथे तो पाइपाला आतून ढकलतो आणि पाइप तडकतो. प्रत्यक्षात बहुधा तसे घडत नाही. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात पाइप मुद्दाम गोठवून पाहिले, तेव्हा खरा प्रकार ध्यानात आला. बर्फाचा खडा पाइपात वाढू लागला की तो पिचकारीच्या दट्ट्यासारखे काम करतो. पुढे नळ बंद आणि मागे बर्फ. मध्ये कोंडलेल्या पाण्याला जायला जागा नसते. त्याचा दाब घरातल्या नेहमीच्या दाबाच्या कित्येक पट चढतो आणि पाइपाचा जो भाग दुबळा असेल तो फुटतो. तेथे बर्फाचा कण नसला तरी फुटतो. म्हणजे गुन्हा एकीकडे आणि शिक्षा दुसरीकडे, असा हा न्याय आहे.

एवढे समजले, की तिकडच्या लोकांचा एक रिवाज, जो आपल्या माणसांना वेडेपणाचा वाटतो, तो किती शहाणपणाचा आहे हे पटते. कडाक्याच्या रात्री ते नळ मुद्दाम थोडा गळता ठेवतात. आमच्या एक मावशी लेकीच्या बाळंतपणाला शिकागोला गेल्या होत्या. गळक्या नळातून लक्ष्मी जाते, असे ऐकत आणि ऐकवीत त्यांनी जन्म काढलेला. रात्री उठून त्या स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद करीत.

"आई, तो नळ बंद करू नकोस गं," लेक म्हणाली.

"अगं, रात्रभर पाणी वाया जातंय!"

"वाया नाही जात. राखण करतंय."

लेकीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. नळ थोडा उघडा असला की कोंडलेल्या पाण्याला वाट मिळते आणि दाब चढत नाही. शिवाय जमिनीखालून येणारे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते. ते हळूहळू सरकत राहिले म्हणजे पाइपाला थोडी ऊबही मिळते. आता लक्ष्मीचा हिशेब करू. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. सेकंदाला पाच थेंब पडू दिले, तर दहा तासांच्या रात्रीत नऊ लिटर पाणी जाते. एक बादलीसुद्धा भरत नाही. उलट पाइपाला तीन मिलिमीटरची चीर पडली, तर दिवसाला अडीचशे गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे साडेनऊशे लिटर पाणी घरात पसरू शकते, असा आकडा तिकडच्या विमा कंपन्या नेहमी देतात. लक्ष्मी कोणत्या वाटेने जाते ते वाचकांनीच ठरवावे. ज्यांना थेंबही टाकवत नाही, त्यांनी खाली पातेले ठेवावे आणि सकाळी ते पाणी झाडांना घालावे. मावशींनी शेवटी तोच तोडगा काढला.

मात्र कोणताही नळ सोडून चालत नाही. जो बाहेरच्या भिंतीला लागून आहे, ज्याचा पाइप तळघरातून किंवा माळ्यावरून येतो, आणि जो पाणी घरात शिरते तेथून सर्वांत दूर आहे, तो निवडावा. गरम आणि थंड असे दोन्ही पाइप असतील तर दोन्ही किंचित सोडावेत. गरम पाण्याच्या पाइपात रात्री गरम पाणी नसते, हे पुष्कळ जण विसरतात.

दुसरी गोष्ट पाइपाच्या वेष्टणाची. बाजारात फोमच्या चिरलेल्या नळ्या मिळतात; त्या पाइपावर चढवावयाच्या आणि सांधे चिकटपट्टीने बंद करावयाचे. काम सोपे आहे, खर्च थोडा आहे. पण येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. गोधडी आपल्याला ऊब देते असे आपण म्हणतो. खरे म्हणजे गोधडी कसलीच ऊब देत नाही, आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. पाइपाला अंगची ऊब नाही. त्यामुळे वेष्टणाने गोठण्याला उशीर होतो, ते कायमचे टळत नाही. एखादी रात्र निभावते, सलग चार दिवसांचा कडाका निभावत नाही. जेथे तेवढा कडाका नेहमीचाच आहे तेथे विजेची ऊबदार पट्टी पाइपावर बसवतात. ती मात्र उत्पादकाच्या सूचनेबरहुकूम बसवावी, एकीवर एक गुंडाळू नये, नाहीतर थंडीऐवजी आगीची धास्ती.

वेष्टणाची बाजूही पाहावी लागते. भिंतीत पाइप आहे आणि त्याच्या व खोलीच्या मध्ये कोणी कापसासारखे रोधक ठासून भरले, तर खोलीची ऊब पाइपापर्यंत पोहोचतच नाही. पाइप बाहेरच्या थंडीच्या हवाली होतो. रोधक पाइपाच्या बाहेरच्या अंगाला हवे, आतल्या अंगाला नको. पांघरूण पाठीवर घ्यायचे, शेकोटीच्या बाजूला नव्हे.

तिसरा शत्रू म्हणजे फट. टेलिफोनची किंवा टीव्हीची तार घरात घेताना भिंतीला पाडलेले भोक, तळघराच्या खिडकीची सैल चौकट, गॅरेजचे उघडे राहिलेले दार. एवढ्याशा वाटेने येणारा गार वारा पाइपाच्या नेमक्या एका जागी लागत राहतो आणि बाकी सारे घर उबदार असूनही तेवढा भाग गोठतो. थंडी सुरू होण्याआधी एका वाऱ्याच्या दिवशी घरभर हात फिरवून ही भोके शोधावीत आणि बुजवावीत. मोरीखालच्या, सिंकखालच्या कपाटांची दारे कडाक्याच्या रात्री उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीची हवा आत खेळते. तेथे फिनेल, साबणाची पूड असे काही असेल आणि घरात रांगते मूल असेल, तर ते आधी वर उचलून ठेवावे.

बागेच्या नळाची काळजी तर दिवाळीतच घ्यावयाची. रबरी नळी सोडवून गुंडाळून आत ठेवावी, आतला कॉक बंद करावा आणि बाहेरची तोटी उघडी टाकून उरलेले पाणी वाहून जाऊ द्यावे. नळी तशीच लावून ठेवली तर पाणी तिच्यात अडते आणि गोठण्याची सुरुवात तेथूनच होते.

कोणी म्हणेल, एवढी थंडीची सवय असलेल्या देशात घरे तशीच बांधत नसतील काय? बांधतात. उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात जमीन इतकी खोल गोठते, की घराचा पाया साडेतीन ते पाच फूट खाली न्यावा असा नियम आहे आणि पाण्याचे पाइप त्याहूनही खोल पुरतात. खरी फजिती होते ती थंडी क्वचित येणाऱ्या गावी. टेक्सास हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे उन्हाळाच एवढा, की पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून बिनधास्त नेलेले असतात. इलिनॉयच्या संशोधकांना असे आढळले होते, की असे उघडे पाइप बाहेरचे तापमान २० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे सात अंश सेल्सियसच्या आसपास उतरले की धोक्यात येतात. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासवर हिमवादळ आले. १६ फेब्रुवारीला डॅलसला तापमान उणे १९ अंश सेल्सियस झाले. त्याच वेळी वीज गेली. पंचेचाळीस लाखांवर घरे आणि दुकाने अंधारात व गारठ्यात बुडाली. घरे थंड पडली, माळ्यावरचे पाइप फुटले, आणि छतातून पाण्याचे लोट दिवाणखान्यात उतरले. सरकारी मोजणीप्रमाणे त्या वादळात २४६ माणसे मेली. बहुतेक थंडीने गारठून. पण काही जण ऊब मिळवण्यासाठी घरात कोळसा पेटवून किंवा बंद गॅरेजात मोटार चालू ठेवून, विषारी धुराने. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या गावी आपली कुटुंबे पुष्कळ आहेत. तेव्हा बंद घरात शेगडी पेटवावयाची नाही, हा या साऱ्या लेखातला पहिला नियम समजावा, पाइप नंतर.

आपल्या देशातही हा प्रश्न अपरिचित नाही. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्ले कलां' म्हणतात तो कडाका असतो. २०२४ साली त्याच्या पहिल्याच रात्री श्रीनगरला पारा उणे साडेआठ अंशांवर गेला. दल सरोवराचा काही भाग आणि गावातले नळ दोन्ही गोठले. सकाळी घराबाहेरच्या पाइपाखाली कागद, काटक्या पेटवून बसलेली माणसे हे तेथले नेहमीचे हिवाळी दृश्य आहे. लेहला तर हिवाळ्यात पुष्कळ हॉटेले पाइप साफ रिकामे करून बंदच होतात, आणि जी चालू असतात तेथे पाहुण्याला पाणी बादलीने मिळते. पाइपात पाणीच नसेल तर गोठणार काय, हा त्यांचा साधा हिशेब. तो आपणही लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आपली माणसे नेमकी डिसेंबरात घर बंद करून भारतात येतात.

आमच्या एका स्नेह्यांची गोष्ट सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी ते तिकडचे घर बंद करून धाकट्या भावाच्या लग्नाला पुण्यास आले. तीन आठवडे घरात कोणी नाही, मग उगाच ऊब कशाला, म्हणून निघताना हीटर संपूर्ण बंद केला. शंभरेक डॉलर वाचले असतील. परत गेले तेव्हा दार उघडताच पायाखाली पाणी. वरच्या मजल्यावरचा न्हाणीघराचा पाइप फुटला होता, स्वयंपाकघराचे छत खाली आले होते, आणि तळघरात गुडघाभर पाणी साचले होते. जमीन नवी झाली, छत नवे झाले. त्याचे पैसे कोठून कसे उभे केले ती निराळी कथा. पण तळघरात एक पुठ्ठ्याचे खोके होते. त्यात वडिलांनी पंधरा वर्षे पाठवलेली पत्रे होती, आणि आईच्या हातची पाककृतींची वही. शाईची ती अक्षरे तीन आठवड्यांत पाण्याने धुऊन नेली. वडील त्याआधीच गेलेले. त्या घरात आता सारे काही पहिल्यापेक्षा चांगले आहे, असे वहिनी म्हणतात, आणि मग विषय बदलतात.

म्हणून प्रवासाला निघताना काय करावयाचे ते नीट सांगतो. हीटर बंद करू नये; थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे तेरा अंश सेल्सियसच्या खाली नेऊ नये. त्याहून उत्तम म्हणजे पाण्याचा मेन कॉक बंद करून सर्व नळ उघडावेत आणि पाइप रिकामे करावेत. मग वीज गेली, हीटर बिघडला, तरी फार तर चार थेंब सांडतील. पाणी तापवण्याची टाकी आणि इमारतीत आग विझवण्याचे फवारे असतील, तर त्यांचे काय करावे ते आधी जाणकाराला विचारावे. शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी आणि दोनतीन दिवसांनी डोकावण्यास सांगावे. घराच्या विम्याचा कागद एकदा वाचावा. घर रिकामे असताना ऊब चालू ठेवली पाहिजे किंवा पाणी बंद केले पाहिजे, अशी अट त्यात बहुधा असते. आणि पत्रे, वह्या, फोटो तळघरात ठेवू नयेत. ही अट विम्यात नसते, ती माझी.

इतके करूनही एखाद्या सकाळी नळाला पाणी आले नाही, तर घाबरू नये. प्रथम तो नळ उघडाच ठेवावा. मग हाताने चाचपून, पाइपावर दव किंवा फुगवटा दिसतो का ते पाहून, गोठलेली जागा शोधावी. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्यावी, किंवा गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळावेत. सुरुवात नळाच्या बाजूने करून मागे मागे जावे, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. जमिनीवर पाणी असेल तर विजेचे यंत्र हातात धरू नये. घरात ज्वाळेचा तर विचारही नको. भिंतीतले लाकूड आतल्या आत धुमसते आणि पाइप वाचवताना घर जाते.

बर्फ असेपर्यंत फुटलेला पाइप गळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. बर्फच बुचासारखा बसलेला असतो. उत्तर आयर्लंडमध्ये २०१० च्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली, पण खरा हाहाकार नाताळानंतर हवा उबदार झाल्यावर उडाला. जागोजाग पाइप गळू लागले, पाण्याचे साठे खाली गेले, हजारो घरांना दिवसच्या दिवस पाणी मिळाले नाही आणि पाणीपुरवठा कंपनीच्या प्रमुखांना नव्या वर्षात राजीनामा द्यावा लागला. तेव्हा थंडी ओसरली म्हणजे सुटलो, असे समजू नये. त्या दिवशी घरभर फिरून पाइप पाहावेत.

आणि फुटलेलाच असेल, तर प्लंबरला फोन करण्याआधी, पोछा शोधण्याआधी, एकमेकांना दोष देण्याआधी, मेन कॉक बंद करावा. तो कोठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, नातवाला आणि पाहुण्या आलेल्या आजीलासुद्धा, ठाऊक असले पाहिजे. तो वर्षातून एकदा फिरवून पाहिला पाहिजे, नाहीतर ऐन वेळी गंजून बसलेला आढळतो. आपल्याकडे नळ गोठत नसले तरी वॉशर जातात आणि पाइप गंजतात. सुट्टीला गावी गेल्यावर खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी गळाल्याचे फोन आपल्यालाही येतात. हा एक धडा तरी पुण्याला आणि मिनेसोटाला सारखाच लागू आहे.

या दिवाळीत परदेशी फोन होतील. फराळ पोहोचला का, चकली मोडली का, मुले मराठी बोलतात का, हे सारे विचारून झाले, की आणखी एक प्रश्न विचारावा: "तुमचा मेन कॉक कुठं आहे रे?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली, तर फोन ठेवू नये, तसाच धरून, त्यांना तो शोधायला पाठवावे.